दुसऱ्याची जुनी सिस्टीम समजून घेताना: एका काटा पावतीच्या मागोमाग

गाळप हंगाम दोन महिन्यांवर आला होता तेव्हा माझ्या हातात एक पेन ड्राइव्ह पडला. त्यात एका साखर कारखान्याची वजनकाट्यापासून ऊस बिलापर्यंतची अख्खी सिस्टीम होती. मुख्य प्रोग्राम पीएचपीत, डेटाबेस मायएसक्यूएलचा, काट्यावरच्या कॉम्प्युटरसाठी सी भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्राम, आणि खाली तळाला फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामच्या फायली. लिहिणारे केव्हाच सोडून गेलेले. कागद एकही नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या बऱ्याच पोरांची पहिली नोकरी अशीच सुरू होते. कुठे कारखाना, कुठे पतसंस्था, कुठे उद्यमबागेतली फाउंड्री. इंजिनिअरिंगला चार वर्षं आपण नवा प्रोग्राम लिहायला शिकतो आणि कामावर गेल्यावर दुसऱ्याचा जुना वाचत बसतो. तो वाचायची अवजारं आहेत, बहुतेक फुकट आहेत, पण कुठलं कधी उचलायचं हे कुणी सांगत नाही. मी ज्या क्रमाने ती वापरतो तो क्रम इथे देतो.

आधी प्रश्न, मग कोड

पहिली फाइल उघडून वरून खाली वाचत जाऊ नका. तीन दिवसांनी डोकं जड होतं आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी खरा, छोटा, उत्तर तपासता येईल असा एक प्रश्न घ्या. मी गेल्या हंगामातली एक काटा पावती घेतली आणि प्रश्न लिहिला: या पावतीवरचं वजन शेतकऱ्याच्या बँक खात्यात रुपये होऊन पोचेपर्यंत कुठून कुठून जातं?

मग चालत्या सिस्टीमपाशी जाऊन बसा. मी अर्धा दिवस काट्यावर बसलो. डेटाबेसमध्ये तूक1 आणि तूक2 असे दोन रकाने होते, त्यांचा अर्थ लागत नव्हता. काट्यावरच्या मामांनी स्क्रीनकडे बघत विचारलं, "काय शोधूल्यास रे?" मी सांगितल्यावर म्हणाले, "तूक म्हणजे वजन की. एक भरल्या गाडीचं, दुसरं रिकाम्या गाडीचं." माझा एक दिवस वाचला. माणसं हे पहिलं अवजार आहे आणि ते फार दिवस हाताशी राहत नाही, म्हणून निवृत्तीला आलेल्या माणसापासून सुरुवात करा.

कामाला हात लावण्याआधी कोड आणि डेटाबेस दोन्हींची वेगळी प्रत करा आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. प्रतीमधले शेतकऱ्यांचे खाते क्रमांक आणि आधार क्रमांक पहिल्याच दिवशी बदलून टाका.

पसारा मोजा

क्लॉक किंवा टोकाय हा छोटा प्रोग्राम फोल्डरवर चालवला की कुठल्या भाषेच्या किती ओळी आहेत ते काही सेकंदांत कळतं. आकड्यापेक्षा त्याची वाटणी महत्त्वाची. एकाच फाइलमध्ये हजारो ओळी असतील तर सिस्टीमचा जीव बहुधा तिथेच आहे. या पायरीवर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

शब्द शोधा, पण तिन्ही भाषांत

ग्रेप हे शोधाचं जुनं अवजार, केन थॉम्पसन यांनी 1973 च्या सुमारास युनिक्ससाठी लिहिलेलं. आज मी रिपग्रेप वापरतो, कारण मोठ्या फोल्डरमध्येही ते क्षणात उत्तर देतं. पण त्याची एक सवय माहीत असू द्या: गिटला (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं अवजार) दुर्लक्ष करायला सांगितलेल्या फायली, लपवलेल्या फायली आणि बायनरी फायली ते आपोआप वगळतं. सेटिंगची फाइल नेमकी तिथेच असली तर "सापडलं नाही" हे उत्तर खोटं ठरतं. वजा चिन्हापुढे यू हे अक्षर तीनदा दिलं की ही गाळणी निघते. एखादी गोष्ट कुठेच नाही असं म्हणण्याआधी हा शोध एकदा लावाच.

आपल्याकडची खरी अडचण भाषेची आहे. इथला कोड लिहिणारा एक जण मराठी बोलणारा, दुसरा कन्नड, आणि दोघेही नावं रोमन लिपीत आपापल्या कानाने लिहिणारे. त्यामुळे उसाला एका फाइलमध्ये ऊस, दुसरीत कब्बू, तिसरीत केन. शेतकरी कुठे शेतकरी, कुठे रैत, कुठे ग्रोअर. ऊस हा एकच शब्द रोमनमध्ये तीन तऱ्हांनी लिहिलेला मला सापडला. फक्त एका भाषेत शोधलं तर एक तृतीयांश सिस्टीम दिसते आणि ती पूर्ण दिसल्यासारखी वाटते.

म्हणून पहिल्याच आठवड्यात शब्दांची वही करा. एका ओळीत एक गोष्ट, पुढे तिची कोडमधली सगळी नावं, आणि ती नावं कुठल्या टेबलात किंवा फाइलमध्ये आली ते. नंतर शोधताना ही सगळी नावं उभ्या रेघेने जोडून एकदम शोधता येतात. माझ्या मते या भागातल्या सिस्टीमसाठी ही वही कुठल्याही विकतच्या सॉफ्टवेअरपेक्षा मोलाची आहे.

वहीत उलटा प्रकारही नोंदवा, एकच नाव आणि अर्थ दोन. माझ्याकडे "उतारा" नावाचा रकाना दोन टेबलांत होता. कारखान्यात उतारा म्हणजे उसातून मिळालेल्या साखरेची टक्केवारी. पण आपल्या गावात उतारा म्हटलं की जमिनीचा कागद, ज्याला कर्नाटकात पहाणी म्हणतात. नावावरून निवाडा होत नाही, तो आतल्या मजकुरावरून करायचा. रकान्यातली सगळ्यात लहान, सगळ्यात मोठी आणि चार-दोन मधल्या किमती डेटाबेसला विचारा. 9 ते 13 च्या दरम्यानचे आकडे आले तर ती साखर, आणि "112/2" असं काही आलं तर तो सर्व्हे नंबर.

शेतकऱ्यांची आणि गावांची नावं युनिकोडमध्ये नसून नुडी किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत भरलेली असली तर डेटाबेसमध्ये ती इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखी दिसतात. हा डेटा खराब झालेला नसतो. फॉन्ट ओळखून रूपांतर करावं लागतं, आणि तोवर शोध नावावर न लावता सभासद क्रमांकावर लावायचा.

नावावरून व्याख्येकडे उडी

शब्दशोध अक्षरं बघतो, अर्थ बघत नाही. त्याच्या पुढचं अवजार प्रोग्रामची रचना ओळखतं. युनिव्हर्सल सीटॅग्ज अख्ख्या कोडची सूची करतं, मग एडिटरमध्ये फंक्शनच्या नावावरून थेट व्याख्येवर जाता येतं. सी भाषेसाठी सीस्कोप अजूनही चोख आहे. बेल लॅब्जमध्ये जन्मलेलं हे अवजार "या फंक्शनला कोण बोलावतं" आणि "हे फंक्शन कुणाला बोलावतं" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतं. काट्यावरचा छोटा प्रोग्राम मी त्यानेच एका दुपारी वाचून काढला.

आज बहुतेक लोक व्हीएस कोडसारख्या एडिटरमधला लँग्वेज सर्व्हर, म्हणजे कोडची रचना ओळखून एडिटरला उत्तरं देणारा प्रोग्राम, वापरतात. मायक्रोसॉफ्टने त्यासाठीचा प्रोटोकॉल 2016 मध्ये खुला केला, म्हणून एकाच भाषेचा सर्व्हर अनेक एडिटरांत चालतो. "सगळे वापर दाखवा" ही आज्ञा दिवसातून पन्नास वेळा वापरा.

तरीही या अवजाराने मला याआधी एकदा खड्ड्यात घातलं होतं. एका फंक्शनचा एकही वापर दिसेना. शब्दशोधही केला, कोडमध्ये फक्त व्याख्या. निरुपयोगी समजून मी ते काढून टाकलं. पंधरवड्याच्या शेवटी रात्री बिलं काढायला बसलेल्या लेखा विभागाचं काम थांबलं आणि मला घरून बोलावून आणलं. मेन्यूच्या कुठल्या बटणावर कुठलं फंक्शन चालवायचं ते डेटाबेसच्या एका टेबलात लिहिलेलं होतं. प्रोग्राम तिथून नाव वाचायचा आणि त्या नावाचं फंक्शन चालवायचा. कोडमध्ये ते नाव असायचं कारणच नव्हतं. चूक पूर्ण माझी होती, आणि तिने त्या रात्री कित्येक शेतकऱ्यांची बिलं अडली. तेव्हापासून काही काढण्याआधी मी अख्ख्या डेटाबेसचा मजकूर एका फाइलमध्ये उतरवतो आणि त्याच नावासाठी ती फाइलही धुंडाळतो. ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी आणि रिपोर्टांच्या फायलीही त्याच वेळी बघतो.

इतिहास: नसेल तर तयार करा

लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये सुरू केलेलं गिट आज सगळीकडे आहे, पण जुन्या सिस्टीमला ते नसतं. असतात ते फोल्डर: "नवीन", "नवीन फायनल", "फायनल दिवाळीनंतर". हे फेकू नका, हाच इतिहास आहे.

प्रत्येक फोल्डरमधल्या सगळ्यात शेवटी बदललेल्या फाइलची तारीख बघा आणि तारखांप्रमाणे फोल्डर लावा. एक रिकामी गिट रिपॉझिटरी (इतिहास साठवायची जागा) करा. सगळ्यात जुन्या फोल्डरमधल्या फायली तीत टाका आणि कमिट करा, म्हणजे त्या स्थितीची इतिहासात नोंद करा. कमिट करताना तारीख आजची न देता त्या फोल्डरची द्या, गिटमध्ये तसा पर्याय आहे. मग गिटचं स्वतःचं फोल्डर सोडून बाकी सगळं पुसा, पुढच्या फोल्डरमधल्या फायली टाका, पुन्हा कमिट. पासवर्ड असलेल्या फायली आधीच बाजूला काढा. दुसरी काळजी ओळीच्या शेवटाची. विंडोज आणि लिनक्स ओळ वेगवेगळ्या खुणेने संपवतात. ती खूण सगळीकडे एकसारखी केली नाही तर प्रत्येक ओळ बदलल्यासारखी दिसते आणि इतिहासाचा उपयोग उरत नाही.

एवढं केलं की गिट लॉगला मोठा एस हा पर्याय आणि एखादा शब्द द्या. तो शब्द ज्या ज्या कमिटमध्ये आला किंवा गेला, तेवढेच कमिट समोर येतात. जुन्या कोडमधल्या आकड्यांसाठी याहून चांगलं अवजार मला माहीत नाही.

माझ्या कोडमध्ये दराच्या फंक्शनात 10.25 हा आकडा होता. मागे गेलो तर आधी तिथे 10, आणि त्याही आधी 9.5. हे प्रोग्रामरच्या मनातले आकडे नव्हेत. उसाची एफआरपी म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर केंद्र सरकार ठरवतं, आणि तो एका पायाभूत उताऱ्यासाठी असतो. हा पाया 2018-19 च्या हंगामात 9.5 वरून 10 टक्के झाला आणि 2022-23 मध्ये 10.25. कोडमधले बदल याच दोन हंगामांच्या तोंडावर पडलेले होते. त्यावरून एक गंभीर गोष्ट कळली: आकडा प्रत्येक वेळी जागच्या जागी बदललेला होता, हंगामानुसार जपलेला नव्हता. म्हणजे आजच्या प्रोग्रामने 2017-18 चं बिल पुन्हा छापलं तर ते चुकीच्या पायावर निघणार.

आणखी पुढे 9.5 अजूनही एका अटीत शिल्लक होता. विसरलेला जुना पाया समजून मी तो बदलणारच होतो. पण उतारा साडेनऊ टक्क्यांच्या खाली गेला तरी दर आणखी कमी करायचा नाही अशी तरतूद आहे, आणि ती अट त्यासाठीच होती. 2024-25 चा हिशेब करून बघा. पायाभूत उताऱ्याला क्विंटलला 340 रुपये, दर 0.1 टक्क्याच्या फरकाला 3.32 रुपये. 10.25 वरून 9.5 वर येताना साडेसात टप्पे, म्हणजे 24.90 रुपये कमी, आणि दर 315.10. त्या हंगामाची सरकारी किमान रक्कम हीच होती. आकडा जुळला तेव्हाच मी ती अट समजली असं मानलं. तसेच 14 आणि 15 हे आकडे. बिल 14 दिवसांत द्यायचं आणि उशीर झाला तर वार्षिक 15 टक्के व्याज, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातून आलेलं. कोडमधला आकडा कळेना तेव्हा त्या धंद्याचा कायदा वाचा.

गिट ब्लेम प्रत्येक ओळीपुढे ती शेवटची कुणी आणि केव्हा बदलली ते दाखवतं. त्याला डब्ल्यू हा पर्याय द्या, म्हणजे नुसत्या मोकळ्या जागांचे बदल मोजले जात नाहीत. एखादी चूक केव्हा शिरली ते शोधायला गिट बायसेक्ट आहे. ते दर वेळी उरलेल्या कमिटांचा मधला भाग तपासायला लावतं, त्यामुळे हजार कमिटांतही साधारण दहा तपासण्यांत गुन्हेगार सापडतो.

चालताना बघा

कोड काय करू शकतो हे वाचून कळतं, खरंच काय करतो ते चालवूनच. पीएचपीसाठी एक्सडीबग हा डीबगर बसवा, प्रतीवर पावती भरा आणि पहिल्या ओळीवर प्रोग्राम थांबवून एकेक पाऊल पुढे टाका. कुठलं फंक्शन कुणी बोलावलं याची अख्खी साखळी फाइलमध्ये लिहून घ्यायची सोयही त्यात आहे.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते डेटाबेसच्या सर्वसाधारण लॉगने. मायएसक्यूएलमध्ये तो एका आज्ञेने सुरू होतो आणि सर्व्हरकडे आलेली प्रत्येक क्वेरी लिहून ठेवतो. लॉग सुरू करा, स्क्रीनवर एकच पावती सेव्ह करा, लॉग बंद करा. एका बटणामागे कुठली टेबलं वाचली, कुठल्यांत लिहिलं, कुठल्या क्रमाने, ते सगळं समोर येतं. माझ्या पावतीने वजनाच्या टेबलाशिवाय तोडणी-वाहतुकीच्या आणि ऊसतोड टोळीच्या उचलीच्या (आगाऊ दिलेल्या पैशांच्या) टेबलातही ओळी टाकल्या होत्या, आणि कोड वाचताना मला त्या दिसल्याच नव्हत्या. हा लॉग भराभर वाढतो आणि सगळं उघडं लिहितो, म्हणून तो चालत्या सर्व्हरवर नको.

काट्याच्या प्रोग्रामसाठी लिनक्सवर एस-ट्रेस आणि विंडोजवर प्रोसेस मॉनिटर. प्रोग्राम कुठली फाइल उघडतो आणि कुठल्या पोर्टाला हात लावतो ते ही अवजारं दाखवतात, कोड हाताशी नसला तरी. काट्याच्या डिस्प्लेवरचं वजन सीरियल पोर्टातून कसं येतं ते मला एस-ट्रेसमधूनच कळलं.

टेबलांचा नकाशा आणि गुंठ्यांचा घोळ

स्कीमास्पाय डेटाबेस वाचून टेबलांमधल्या नात्यांची चित्रं करून देतं. मात्र जुन्या सिस्टीममध्ये ही नाती डेटाबेसला सांगितलेलीच नसतात, ती फक्त कोडमध्ये असतात. तेव्हा चित्रात सुटी टेबलं दिसली तर घाबरू नका, वरच्या लॉगमधून कोणतं टेबल कुणाशी जोडलं जातं ते बघून नकाशा हाताने पुरा करा.

सीमाभागात रकान्याचं एककही तपासावं लागतं. माझ्याकडे क्षेत्राच्या रकान्यात 1.20 असं लिहिलेलं होतं. कर्नाटकातल्या पहाणीवर क्षेत्र एकर-गुंठ्यांत असतं आणि 40 गुंठ्यांचा एक एकर, म्हणजे 1.20 हा दीड एकर. तोच आकडा महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यावरून आला असेल तर तो एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळपास तीन एकर. कारखाना दोन्ही बाजूंचा ऊस घेत होता आणि रकाना एकच होता. प्रोग्राम बेरीज साध्या दशांशासारखी करायचा: 1.20 आणि 1.30 मिळून 2.50. एकर-गुंठ्यांत ती 3.10 व्हायला हवी.

हे कुठल्याच अवजाराने सांगितलं नाही. पण तपासायला साधी क्वेरी पुरली: गावानुसार गट करा आणि बिंदूपुढचे आकडे बघा. ज्या गावांत ते कधीच 39 च्या पुढे जात नाहीत, तिथे बहुधा गुंठे आहेत.

एआयला विचारताना

कोडचा तुकडा देऊन "हे काय करतं" असं विचारलं तर उत्तर झटकन मिळतं, आणि ओळखीच्या भाषेतल्या सरळ फंक्शनसाठी ते बऱ्याचदा बरोबरही असतं. पण अशी अवजारं नावावर फार विसंबतात. "उतारा" म्हणजे काय हे ती ठामपणे सांगतील, कुठला उतारा ते तुम्हालाच बघायचं आहे. मिळालेलं प्रत्येक विधान वहीत "न तपासलेलं" म्हणून लिहा आणि लॉग किंवा डीबगरने पडताळल्यावरच ती खूण खोडा. शेतकऱ्यांची माहिती असलेला डेटा बाहेरच्या सेवेला देऊ नका.

बदलायच्या आधी

आता जे समजलं ते खरंच समजलं का, हे बघायची पायरी. जुन्या प्रोग्रामला जुनीच माहिती देऊन त्याची उत्तरं जशीच्या तशी जपून ठेवा, ती चुकीची वाटली तरी. मी मागच्या हंगामातला एक पंधरवडा निवडला, त्याची सगळी बिलं प्रतीवर पुन्हा काढून फाइलमध्ये उतरवली. नंतर कोडमध्ये केलेल्या प्रत्येक बदलानंतर तीच बिलं पुन्हा काढायची आणि दोन फायली डिफने ताडून बघायच्या. फरक निघाला तर तो मला हवा होता तोच आहे का, हे ओळीओळीने सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर बदल मागे घ्यायचा आणि पुन्हा लॉगकडे जायचं.

क्षेत्राचा रकाना मी थेट दुरुस्त केला नाही. शेजारी एककाचा नवा रकाना घातला, पहिल्या दिवशी तो रिकामा ठेवला आणि बिलांची फाइल ताडली. फरक शून्य. मग शेती विभागातल्या लोकांना गावांची यादी दिली आणि कुठल्या गावचा कागद पहाणीचा, कुठला सातबाऱ्याचा ते त्यांच्याकडून भरून घेतलं. यादी भरून आली तेव्हा बॉयलर पेटायला आठवडा उरला होता.

ती शब्दांची वही आता कोडच्याच फोल्डरमध्ये, गिटमध्ये आहे. पहिल्या पानावर तूक1 आणि तूक2 आहेत, आणि त्यांच्यापुढे काट्यावरच्या मामांनी सांगितलेला अर्थ.